सात पडद्यांचं प्रदर्शन

जळगावात आमच्या कलाकेंद्राच्या फाटकाशी एक मोठा काळा फळा आहे. त्यावर ‘आगामी कार्यक्रम’ एवढे दोन शब्द पांढऱ्या तेलरंगात कायमचे लिहिलेले आहेत. बाकी सगळं खडूने. महिना लागला की जुनं पुसायचं आणि नवं लिहायचं, हे काम माझं. अक्षर बरं आहे म्हणून नोकरी लागली त्या आठवड्यातच ते माझ्या गळ्यात पडलं, आणि मग गळ्यातच राहिलं.

‘आगामी’ हा शब्द मला आता नको वाटतो. मी लागले तेव्हा फळ्यावर नाटकं असायची, गाण्याच्या बैठका असायच्या, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यांना बायका दुपारपासून जागा धरून बसायच्या. हळूहळू त्या ओळी गेल्या. त्यांच्या जागी साड्यांचा भव्य सेल आला, फर्निचर महोत्सव आला, स्पर्धा परीक्षेचं मोफत मार्गदर्शन आलं. नृत्य म्हणजे शाळांची गॅदरिंगं. मी ते सगळं त्याच वळणदार अक्षरात लिहायची. सोफासेटवर किती सूट हे सुबक लिहिताना मला स्वतःचा राग यायचा, पण हात थांबायचा नाही.

एक रीत मात्र जुनी होती आणि ती मी मोडली नाही. मंजूर झालेला कार्यक्रम काही कारणाने झाला नाही, तर तो पुसायचा नाही. पुढच्या महिन्यात सगळ्यांत खाली परत लिहायचा. झाला की मगच पुसायचा. कितीतरी कार्यक्रम दोन-तीन महिने खाली लोंबकळून होऊन गेले. एक ओळ मात्र फळ्याच्या तळाशी बसली ती बसलीच. नाट्यपडद्यांचं प्रदर्शन, पुढे चित्रकाराचं नाव, आणि पुढे ‘तारीख लवकरच’.

त्या चित्रकाराला आम्ही सगळे नाना म्हणायचो. धरणगावच्या अलीकडच्या एका खेड्यात ते लेकीकडे राहायचे. जत्राजत्रांतून फिरणाऱ्या नाटकमंडळींचे पडदे त्यांनी उभी हयात रंगवले. राजाचा दरबार, जंगल, तुरुंग, रस्ता, देऊळ, बाग आणि गरिबाचं घर. एवढे सात पडदे असले की कुठलंही नाटक भागायचं. मंडळी बंद पडली तेव्हा मालकाच्या मुलाने ते सात पडदे बांबूसकट आमच्या कोठीत आणून टाकले आणि परत कधी तोंड दाखवलं नाही. नानांना हे कुठून तरी कळलं. ते एसटीने आले, कोठीच्या दारात उभे राहिले, माळ्यावरच्या गुंडाळ्या नुसत्या वाकून बघितल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “अक्का, माले ह्या बठ्ठा पडदा एकदाव देखाना शेतस. एकसाथ.”

मला आधी कळेचना. ज्याने रंगवले त्याने बघितले नाहीत?

नाहीच बघितले. नानांनी मला समजावून सांगितलं. एवढं मोठं कापड रंगवायचं तर जमिनीवर पसरूनच रंगवावं लागतं. कापसाचा हंगाम संपला की जिनिंगचं आवार मोकळं पडायचं, तिथे मांजरपाट अंथरायचं आणि अनवाणी पायाने त्यावर चालत, वाकून, दोन हाताचा तुकडा रंगवत पुढे सरकायचं. पायाखाली असलेला दरबार पूर्ण दिसणार कसा? आणि पडदा उभा राहिला की लगेच खेळ सुरू. “पुढे कोन ना कोन उभंच ऱ्हाये,” ते म्हणाले. कधी राजा, कधी सोंगाड्या, कधी पेटीवाला. पब्लिक त्यांच्याकडे बघायचं, पडद्याकडे कोण बघतो? नानांना एकदाच, पुढे कोणी उभं नसताना, सातही पडदे दिव्याच्या उजेडात बघायचे होते. फळ्यावर त्यांचं नाव असावं एवढंही त्यांनी मागितलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

त्या दिवशी ते बराच वेळ बोलले आणि मी बऱ्यापैकी ऐकलं. बाजारातून सरस, म्हणजे हाडाकातड्याचा डिंक, आणायचा, तो पाण्यात उकळायचा, त्याच्या वासाने म्हणे शेजारपाजारचे भांडायला यायचे. त्या सरसात खडूची भुकटी, गेरू, नीळ, काजळी कालवायची. सुकला की पडदा पापडासारखा कडक व्हायचा, उघडताना खडखड वाजायचा. त्यांनी हातांनी तो आवाज करून दाखवला. मी हसले. मला ती गंमत वाटली, माहिती वाटली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. नानांनी मला सगळं सांगितलेलं होतं.

कार्यकारिणीने प्रदर्शन मंजूर केलं, कारण मंजूर करायला काही लागत नाही. मग दालन द्यायची वेळ आली की दर वेळी काहीतरी आडवं यायचं. सेलवाले आठवडाभर दालन अडवायचे. निवडणुका आल्या. कूलर दुरुस्तीला काढले. अध्यक्ष भेटले की म्हणायचे, “अहो, करू ना, कुठे पळून जातात का पडदे?” पडदे पळणार नव्हते, पण नानांचे डोळे चालले होते. काचबिंदू होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गेलं ते परत येणार नाही, उरलंय तेवढं सांभाळा.

नाना दर महिन्याला पहिल्या आठवड्यात यायचे आणि फळा वाचायचे. त्यांचे डोळे किती गेले ते मी त्यावरून ओळखायची. पहिल्या वर्षी ते रस्त्याच्या पलीकडे, रसवंतीपाशी उभे राहून वाचायचे आणि तिथूनच हात करून परत जायचे. मग फाटकापर्यंत यायला लागले. मग फळ्यासमोर दोन पावलांवर. मी त्यांची ओळ मोठ्या अक्षरात काढायला लागले. एकदा तर ती साडीच्या सेलपेक्षा मोठी झाली म्हणून सेलवाल्याने तक्रार केली, मी ऐकून घेतलं आणि अक्षर तेवढंच ठेवलं. शेवटी एक दिवस नाना फळ्याला नाक लावून उभे राहिले आणि म्हणाले, “आठेन बी दखास नही, अक्का. तूच वाची दखाड.”

तेव्हापासून मी वाचून दाखवायची आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा, “मन्हं नाव वर शे का खाले?” मी म्हणायची, खाली आहे नाना. ते म्हणायचे, बरं. आणि स्टँडकडे चालू लागायचे. हे मी किती महिने केलं ते मोजलं नाही. मोजायची हिंमत झाली नाही.

मग एका वैशाखात तारीख मिळाली. कृपा कुणाची नव्हे, उन्हाची. मे महिन्यात आमचं दालन भट्टी होतं, सेलवालेसुद्धा फुकट दिलं तरी घेत नाहीत. अध्यक्ष म्हणाले, “घ्या तुमचा रविवार.” पाहुणे ठरले, पत्रिका छापल्या, शाल आणि नारळ आला. मी त्या महिन्याचा फळा लिहायला बसले आणि पहिल्यांदा नानांची ओळ सगळ्यांत वर काढली. ‘लवकरच’ हा शब्द गेला आणि त्या जागी रविवार आला. मला इतका आनंद झाला की सांगितलं तर हसू येईल. मी फोन करून नानांना सांगितलं. लेकीने फोन घेतला आणि सांगितलं की ते उठून अंगणात गेलेत.

तेव्हा त्यांना उजेड आणि ढोबळ आकार एवढंच दिसत होतं. जवळून, भर उजेडात, रंग थोडे कळायचे. लाल कळायचा, निळा कळायचा. तेवढ्यावर त्यांची भिस्त होती.

गुरुवारी सकाळी आम्ही पडदे माळ्यावरून खाली काढले. मी आणि झाडलोट करणारी मावशी. उघडले तर काय, धुळीचे थर, पारव्यांची घाण, उंदरांचा वास. खडखड आवाज झाला, तो मी ऐकलासुद्धा. पण मला मळच दिसला.

आमच्या खान्देशात श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसते. ती यायच्या आधी घरातलं काहीही धुतल्यावाचून राहत नाही. भांडी, गोधड्या, दाराचे पडदे, धान्याची पोती, सगळं. घराला नवा हात मारायचा आणि आदल्या दिवशी अंगणात दोऱ्याच दोऱ्या. माझ्या आईचं म्हणणं होतं की चांगलं काही घरात यायचं असेल तर मळकं कापड त्याच्या नजरेला पडता कामा नये. हे माझ्या हाडात मुरलेलं आहे. मी विचार केला नाही. विचार करण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही. नानांचा रविवार येतो आहे, तर धुवायला नको?

मागच्या अंगणात मोठा हौद आहे. सातही पडदे आम्ही एकदमच त्यात सोडले, घरच्या गोधड्या सोडतो तसे. वरचे बांबू काठावर टेकवले आणि साबणाची पावडर टाकली. पाणी आधी मातकट झालं. बघ, किती मळ, मी म्हणाले. मग ते तांबूस झालं, मग हिरवट. मावशी चोळता चोळता थांबली आणि म्हणाली, “अक्का, यान्हा तं रंग जाई ऱ्हायना.”

मी तिला काय म्हणाले ते सांगते. मी म्हणाले, “रंग कसला, मळ आहे तो. चोळ.”

आणि तिने चोळलं. मीही चोळलं. पाणी निळं झालं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात सरस आला. उकळणारा सरस, भांडणारे शेजारी, पापडासारखा कडक पडदा. मी हौदात हात घालून ते कापड वर ओढायला लागले. तोवर ओढण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाणी काळपट निळं होतं आणि त्यातून पांढरं मांजरपाट वर येत होतं. मावशी माझ्याकडे बघत होती. मी हौदाच्या काठावर बसले आणि मोठ्याने रडले. चाळीस वर्षांची मेहनत मी दोन तासांत पावडर लावून धुतली.

त्या उन्हात पडदे तासाभरात वाळले. वरचा बांबू काठावर राहिला होता, म्हणून प्रत्येक पडद्याची वीतभर पट्टी कोरडी राहिली होती. तिथे आभाळ होतं. दरबाराच्या पडद्यावर झालरीचं टोक. बाकी कोरं. जवळून बघितलं तर कुठे कुठे फिकट डाग दिसायचे, चहा सांडल्यासारखे.

दुपारी मी नानांना फोन लावला. सांगायचंच असं ठरवून लावला. त्यांनी स्वतः उचलला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, “अक्का, रविवारसाठे धोतर धुई ठेयेल शे.” मी म्हणाले, वेळेवर या. आणि ठेवून दिला.

मग अध्यक्षांकडे गेले. ते रागावतील, मला काढून टाकतील असं वाटलं होतं. खरं तर मला तेच हवं होतं. त्यांनी पडदे बघितले, जरा च्च् च्च् केलं आणि म्हणाले, “पत्रिका गेल्यात. पाहुणे येणारेत. नानांना कुठे दिसतंय आता? टांगून टाका. पाच मिनिटांचं भाषण, सत्कार, चहा. पडदे कोण बघतंय?”

त्यांच्यावर मी आजही चिडते, पण त्यात माझंच तोंड लपवणं आहे. त्यांनी नुसतं म्हटलं. टांगले मी. शिडीवर चढून, स्वतःच्या हाताने, सातही. खाली कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि त्यांवर सुबक अक्षरात लिहिलं, दरबार, जंगल, तुरुंग. लिहिताना मनात एकच चाललं होतं की त्यांना दिसत नाही, त्यांना दिसत नाही. देवाकडे मी तेवढंच मागत होते, की त्यांना आज काहीही दिसू नये.

रविवारी नाना तीनलाच आले. पाहुणे पाचला होते. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, हातात लेकीचा हात. लेक दारातच थबकली. तिने पडद्यांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी हात जोडले. बोलू नको एवढंच त्या हातांतून म्हटलं. तिने पदर तोंडाला लावला. तिलाही मी त्यात ओढलं.

दालनातले सगळे दिवे लावलेले होते. नाना मध्यभागी येऊन उभे राहिले. समोर त्यांना काहीतरी मोठं, उजळ असं दिसत असणार.

“पुढे कोनी नही ना?” त्यांनी विचारलं.

“कोणी नाही,” मी म्हणाले.

“हाऊ कोनता?”

“दरबार.”

ते मान वर करून बघत राहिले. मग बोलायला लागले. खांब सहा आहेत, डावीकडचा तिसरा जरा वाकडा झालाय, कारण तेव्हा पाऊस आला आणि घाईने गुंडाळावं लागलं. सिंहासनाचा लाल कमी पडला म्हणून कुंकू घातलं. मी हो म्हणत होते. पुढे जंगल. जंगलात त्यांनी एक मोर लपवला होता, मालकालासुद्धा न सांगता, उजव्या कोपऱ्यात, झाडामागे. “दिसना का?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, “दिसला.”

या एका शब्दाची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. कोऱ्या कापडात मी मोर बघितला.

नाना खूश झाले. निदान माझ्या डोळ्यांनी तरी तो मोर बघितला, असं त्यांना वाटलं असेल. ते दोन पावलं पुढे सरकले. “माले रंग दखास नहीत, अक्का, उजेड जास्ती शे,” ते म्हणाले आणि त्यांनी हात लांब केला. मला त्यांना अडवता आलं असतं. हात लावू नका, रंग निघेल, असं एखादं वाक्य सहज सुचलं असतं. नाही अडवलं. मला वाटतं माझाच धीर संपला होता.

त्यांनी कापडाची कड दोन बोटांत धरली. अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. मग दुसऱ्या हातानेही धरली आणि चुरगळली. आवाज आला नाही.

 कूलर घरघरत होता. लेक भिंतीकडे तोंड करून उभी होती.

“धुया का?” त्यांनी विचारलं. आवाज चढला नव्हता.

“हो,” मी म्हणाले. “मीच धुतला, नाना. मळला होता म्हणून.”

“बठ्ठा धुयात?”

“सगळे.”

त्यांनी कड सोडून दिली आणि तिला पडलेल्या चुण्या हाताने नीट केल्या. माझ्याने राहवेना. मी म्हणाले, वरती वीतभर राहिलंय नाना, प्रत्येकावर, आभाळ राहिलंय. हे आपण का सांगतो आहोत ते मलाही कळत नव्हतं.

“आभाय तं कोनी बी रंगाडस,” नाना म्हणाले.

मी खुर्ची आणली, पाणी आणलं. त्यांनी पाणी घेतलं, खुर्ची घेतली नाही. रागावले असते, शिव्या दिल्या असत्या, तर मी त्या आयुष्यभर धरून बसले असते. त्यांनी फक्त लेकीला चला म्हटलं. मी शालीची पिशवी पुढे केली, तर लेक म्हणाली, “ऱ्हाऊ द्या, तुमना पाव्हनासले होई ती.” तेवढंच ती माझ्याशी बोलली. पाहुणे यायला अजून दीड तास होता.

फाटकापाशी नाना सवयीने थांबले. फळ्याच्या बाजूला तोंड करून उभे राहिले.

“वाची दखाड,” ते म्हणाले.

मी वाचलं. नाट्यपडद्यांचं प्रदर्शन. त्यांचं नाव. रविवार, संध्याकाळी पाच.

“वर शे का खाले?”

“वर,” मी म्हणाले. “सगळ्यांत वर आहे, नाना.”

त्यांनी मान हलवली. “मंग व्हयनं ते,” ते म्हणाले. झालं म्हणे प्रदर्शन. “पुसी टाक आते.”

ते तिथेच उभे राहिले, मी पुसते की नाही याची वाट बघत. मी पदराचं टोक हातात घेतलं आणि त्यांच्यासमोर ती ओळ पुसली. खडूच होता. पाणी लागलं नाही.